चांदोबाच्या घरचा पत्ता

मासिकाच्या शेवटच्या पानावर, अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं छापलेली असतात. कायद्याने ती छापावी लागतात म्हणून छापतात; वाचत कुणीच नाही. 'चांदोबा' हातात पडल्यावर आधी कोण वाचणार यावरून भावंडांत मारामारी करणाऱ्या मुलांनी तर ती ओळ वाचण्याचा प्रश्नच नव्हता. एखाद्याने वाचली असती तर तो बुचकळ्यात पडला असता. कारण तिथे पुण्याचा सदाशिव पेठेतला किंवा मुंबईचा गिरगावातला पत्ता नव्हता. तिथे होतं आर्काट रोड, मद्रास २६. आणि नाव होतं कुणा रेड्डींचं.

ज्यांचं बालपण पन्नास ते नव्वद या दशकांत गेलं, त्यांना विक्रम आणि वेताळ यांची ओळख बहुधा याच मासिकातून झाली. स्मशानातल्या झाडावरून प्रेत खांद्यावर टाकून निघालेला राजा, हातात उपसलेली तलवार, मागे कवट्या आणि सापाचे विळखे. हे चित्र डोळे मिटले तरी दिसतं. हा राजा आपलाच आहे, तो मराठी बोलतो, अशी आपली समजूत होती. त्याच महिन्यात तोच राजा, त्याच पानावर, तेलुगू, तमीळ, कन्नड, हिंदी, मल्याळम बोलत होता हे फार थोड्यांना ठाऊक होतं. हा उद्योग ज्यांनी उभा केला त्या बी. नागी रेड्डी यांची ही हकीकत आहे. त्यांच्याबरोबर त्यांचे मित्र चक्रपाणी यांचीही, कारण या दोघांना वेगळं काढता येत नाही.

बोम्मिरेड्डी नागी रेड्डी यांचा जन्म २ डिसेंबर १९१२ चा, आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यातला. हा रायलसीमेचा दुष्काळी मुलूख. घर शेतकऱ्याचं, पण शेतीच्या जोडीला व्यापार होता, आणि तो कशाचा, तर कांद्याचा. मद्रास बंदरातून कांदा ब्रह्मदेशात पाठवायचा. नाशिककरांना हे ऐकून बरं वाटेल की पुढे आशियातले मोठे स्टुडिओ चालवणाऱ्या या माणसाने बाजाराचे पहिले धडे कांद्यावर गिरवले. कांदा हा नाशवंत माल. बोट चुकली की माल कुजला, भाव पडला की घर बसलं. वेळ पाळणं म्हणजे काय ते हा धंदा फार लवकर शिकवतो. मासिकाचा धंदाही तसाच असतो. महिना उलटला की शिळा अंक रद्दीच्या भावाने जातो.

तरुणपणी त्यांच्यावर गांधींच्या चळवळीचा आणि हिंदी प्रचाराचा संस्कार झाला. थोरले बंधू बी. एन. रेड्डी मद्रासला चित्रपटांत शिरले होते आणि १९३९ मध्ये त्यांनी 'वाहिनी'च्या नावाने 'वंदे मातरम्' हा तेलुगू चित्रपट काढला. कुटुंबाचा बी. एन. के. प्रेस नावाचा छापखाना मद्रासला होता. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिकडचा व्यापार थांबला. नागी रेड्डींचं लक्ष छापखान्याकडे वळलं ते कायमचं. पुढे त्यांनी चित्रपट काढले, स्टुडिओ चालवला, रुग्णालय बांधलं. पण मुळात हा माणूस छापखानेवाला होता, आणि 'चांदोबा'चं सगळं रहस्य या एका गोष्टीत आहे असं मला वाटतं.

आता चक्रपाणी. हे त्यांचं खरं नाव नव्हे. आलूरी वेंकट सुब्बाराव असं मूळ नाव, जन्म १९०८ चा, गाव गुंटूर जिल्ह्यातलं तेनाली. घरची परिस्थिती बेताची, शिक्षण अर्धवट, पण भाषेचं वेड. हिंदी शिकवणाऱ्या गुरुजींनी 'चक्रपाणी' हे नाव दिलं आणि तेच चिकटलं. तरुणपणी क्षय झाला. त्या काळी क्षय म्हणजे मरणाची चिठ्ठीच. मदनपल्लीच्या आरोग्यधामात त्यांना ठेवलं. तिथे शेजारच्या खाटेवरच्या बंगाली रुग्णाकडून ते बंगाली शिकले. बरे होऊन बाहेर आले ते शरच्चंद्र चटर्जींच्या कादंबऱ्या तेलुगूत आणण्याचा निश्चय करूनच. ती भाषांतरं इतकी घरची झाली की शरदबाबू तेलुगूच लेखक आहेत असं कितीतरी वाचक समजत. आपल्याकडे मामा वरेरकरांच्या भाषांतरांनी शरदबाबूंना मराठी घरांत नेलं, तसंच हे.

भाषांतर असं करायचं की मूळ कुठलं ते वाचणाऱ्याला विचारावंसंच वाटू नये, ही चक्रपाणींची कसोटी होती. ती पुढे कामी आली.

ते चित्रपटांसाठी लिहू लागले. १९४१ च्या 'धर्मपत्नी' या तेलुगू चित्रपटाचे संवाद त्यांचे होते आणि कथा होती आपल्या वि. स. खांडेकरांची. म्हणजे 'चांदोबा' मराठीत येण्याच्या अकरा वर्षं आधी चक्रपाणींच्या लेखणीतून एक मराठी गोष्ट तेलुगूत गेली होती. नंतर बी. एन. रेड्डींच्या 'स्वर्गसीमा' (१९४५) या चित्रपटाच्या निमित्ताने ते मद्रासला स्थिरावले आणि धाकट्या रेड्डींशी त्यांचं गूळपीठ जमलं. दोघांनी मिळून 'आंध्र ज्योती' हे तेलुगू मासिक चालवून पाहिलं. मग चक्रपाणींनी मुलांच्या मासिकाची कल्पना काढली.

काळ कसा होता ते लक्षात घ्या. युद्ध संपलं होतं, पण कागदाची टंचाई संपली नव्हती. देशाची फाळणी ठरत होती. अशा वेळी, जुलै १९४७ मध्ये, स्वातंत्र्याला जेमतेम महिना-दीड महिना असताना, 'चंदामामा' तेलुगूत आणि 'अंबुलिमामा' तमिळात निघालं. एकाच छापखान्यातून एकदम दोन भाषांत. हा योगायोग नव्हता. मद्रास तेव्हा सगळ्या दक्षिणेची राजधानी होती. तिथल्या छापखान्यांत तेलुगू, तमीळ, कन्नड, मल्याळम खिळे जुळवणारे कामगार एका छपराखाली बसत. चित्र काढायला आणि त्याचे ठोकळे करायला सगळ्यांत जास्त खर्च येतो. तेच चित्र दोन भाषांत वापरलं तर खर्च निम्मा होतो. पाच भाषांत वापरलं तर पाचवा हिस्सा. पानापानावर चित्र असलेलं मासिक मुलांच्या हातात परवडेल अशा किमतीत द्यायचं तर त्याला हाच मार्ग होता. ही छापखानेवाल्याची अक्कल. गोष्ट अशी हवी की ती कुठल्याही भाषेत तिथलीच वाटावी, ही भाषांतरकाराची अक्कल. दोन्ही एकत्र आल्या.

१९४८ मध्ये कन्नड आवृत्ती निघाली, १९४९ मध्ये हिंदी. एप्रिल १९५२ मध्ये मल्याळम आणि मराठी. बहुतेक भाषांत चंद्र हा मामा आहे, म्हणून मासिकाच्या नावातही मामा आला. मराठीत मात्र त्यांनी 'चांदोबा' हे नाव घेतलं. मामाचं नातं मराठीलाही परकं नाही, पण विठोबा, खंडोबा, नागोबा यांच्या पंक्तीत बसणारा 'चांदोबा' मराठी कानाला जास्त जवळचा. मद्रासमध्ये बसून ज्याने हे नाव ठरवलं त्याला मराठी घर आतून ठाऊक असलं पाहिजे.

मराठीत मुलांची मासिकं नव्हती असं नाही. वासुदेव गोविंद आपट्यांचं 'आनंद' १९०६ पासून चालू होतं. पिढ्यान्‌पिढ्या मुलं त्यावर वाढली. पण ही मासिकं बहुतांशी शिक्षकांनी, मुलांना शहाणं करण्याच्या हेतूने चालवलेली. त्यांत माहिती असे, चरित्रं असत, बोध असे. 'चांदोबा'ने मुलाला फक्त गोष्ट दिली, आणि प्रत्येक पानावर रंगीत किंवा रेखीव चित्र. गुरुजी आणि काही पालक नाक मुरडत. राजे, राक्षस, चेटकिणी, जादूचे दिवे यांनी मुलं बिघडतील अशी त्यांना भीती वाटे. मुलं मात्र अंकाच्या तारखेवर डोळा ठेवून असत. आणि घरोघरी असं दिसायचं की नाक मुरडणारे आजोबा दुपारी झोपताना तोच अंक तोंडावर घेऊन पडलेले आहेत.

इथे एक गंमत सांगितली पाहिजे. ज्या वर्षी 'चांदोबा' मराठीत आला, त्याच १९५२ सालच्या डिसेंबरात पोट्टी श्रीरामुलू यांनी स्वतंत्र आंध्र राज्यासाठी मद्रास शहरात उपोषण करून प्राण सोडले. आंध्रभर जाळपोळ झाली. मद्रास शहर कुणाचं यावरून तेलुगू आणि तमीळ माणसांत वितुष्ट आलं. ऑक्टोबर १९५३ मध्ये आंध्र राज्य झालं, पण मद्रासशिवाय. आपल्याकडेही संयुक्त महाराष्ट्राचा वणवा पेटायचा होता आणि मुंबई कुणाची हाच प्रश्न तिथेही असणार होता. भाषेसाठी माणसं रस्त्यावर उतरत होती. आणि या सगळ्या वर्षांत, वडपळणी भागातल्या एका छापखान्यात तेलुगू मालकाच्या हाताखाली तमीळ चित्रकाराने काढलेलं चित्र मराठी मजकुराच्या शेजारी बसवलं जात होतं. भाषावार प्रांतरचना न्याय्य होती, ती झालीच पाहिजे होती, असं मानणाऱ्यांपैकी मी एक आहे. पण त्या भांडणाच्या काळात दोन्ही बाजूंची मुलं एकच गोष्ट वाचत होती हेही इतिहासात नोंदवायला हवं. पुढे गुजराती, उडिया, बंगाली, सिंहली आवृत्त्या निघाल्या. दृष्टिहीन मुलांसाठी ब्रेलमध्येही काही काळ अंक निघाले.

कारखाना कसा चाले ते पाहू. पायाभूत मजकूर तेलुगूत तयार होई. तो तयार करणारा माणूस होता कोडवटिगंटी कुटुंबराव, चक्रपाणींच्याच तेनालीचा. १९५२ पासून १९८० मध्ये वारेपर्यंत ते तिथे होते. देशभरातून, पुराणांतून, कथासरित्सागरातून, जातकांतून, परदेशी लोककथांतून आलेली प्रत्येक गोष्ट त्यांच्या हाताखालून जाई आणि ते ती नव्याने लिहीत. छोटी वाक्यं, अवघड शब्द नाही, वर्णनाचा फापटपसारा नाही. वर्णन चित्राने करायचं. मग ती गोष्ट वेगवेगळ्या भाषांच्या टेबलांवर जाई. चित्राची जागा ठरलेली आणि पानंही ठरलेली, म्हणून भाषांतरकाराला आपली भाषा त्याच चौकटीत बसवावी लागे. मराठीत वाक्य चार शब्दांनी वाढलं तर दुसरीकडे चार शब्द कापायचे. 'चांदोबा'तली मराठी थोडी आखडलेली, गुळगुळीत, कुठल्याच जिल्ह्याची नसलेली वाटते, त्याचं कारण मला इथे दिसतं. त्यातल्या माणसांची नावं वीरवर्मा, ब्रह्मदत्त, सोमशेखर अशी. धोंडू, गोप्या अशी क्वचित. गावाला नाव असेल तर ते नकाशात न सापडणारं. पण मुलांना त्याची अडचण झाली नाही. कुठलंच गाव नसलं की आपलं गाव तिथे ठेवता येतं.

या कुटुंबरावांविषयी थांबून सांगायला हवं. तेलुगू साहित्यात त्यांचं नाव मोठं आहे ते मुलांच्या गोष्टींमुळे नव्हे. ते बनारसला पदार्थविज्ञान शिकायला गेलेले, पक्के बुद्धिवादी, मध्यमवर्गाच्या ढोंगावर कोरडे ओढणारे कथाकार. विचाराने मार्क्सवादी. १९७० मध्ये आंध्रात क्रांतिकारी लेखकांची 'विरसम' ही संघटना स्थापन झाली तेव्हा ते तिच्या संस्थापकांत होते. आणि हा माणूस दिवसा कचेरीत बसून वेताळ, ब्रह्मराक्षस आणि राजकन्या यांच्या गोष्टी लिहीत होता, तोही एका चित्रपटनिर्मात्या भांडवलदाराच्या पगारावर! लोकांनी त्यांना याबद्दल छेडलं. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं की मुलाच्या कल्पनाशक्तीला खाद्य लागतं. गोष्टीतलं भूत हे गोष्टीतलं आहे हे मुलाला चांगलं कळतं, मोठ्यांनाच ते कळत नाही. मला यात तथ्य वाटतं. आणि नीट पाहिलं तर त्यांच्या हाताचा ठसा त्या गोष्टींवर उमटलेला दिसतो. विक्रम-वेताळाच्या गोष्टीत शेवटी कोडं येतं ते चमत्काराचं नसतं, न्यायाचं असतं. चूक कुणाची? त्याग मोठा कुणाचा? राजाने असं का केलं? आणि राजाला उत्तर द्यावं लागतं ते कारणांसह.

मूळ संस्कृत वेतालपंचविंशतीत पंचवीस गोष्टी. मराठीत सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८३० मध्येच 'वेताळपंचविशी' आणली होती, म्हणजे राजा आणि वेताळ आपल्याला नवे नव्हते. 'चांदोबा'ने पंचवीस गोष्टी संपल्यावर दुकान बंद केलं नाही. कुठलीही गोष्ट घ्यायची, तिच्या शेवटी प्रश्न बसवायचा आणि ती वेताळाच्या तोंडी घालायची. अशा शेकडो गोष्टी दशकानुदशकं चालल्या. महिन्याला एक याप्रमाणे विक्रमाने जितक्या खेपा घातल्या तितक्या कुठल्याही शिपायाने कचेरीत घातल्या नसतील.

धारावाहिक कादंबऱ्या दासरी सुब्रह्मण्यम लिहीत. १९५४ पासून पुढे दोन तपांहून अधिक काळ त्यांच्या अद्भुत कथामाला चालू होत्या. जळती बेटं, भग्न देवळं, मांत्रिक, मगरीसारखी माणसं, सगळं त्यांच्या डोक्यातलं. अंकाच्या शेवटी नायक कड्यावरून लोंबकळत असे आणि मूल महिनाभर त्याच्याबरोबर लोंबकळे. पण हे सुब्रह्मण्यम कोण, हे वाचकांना कळलं ते कित्येक वर्षांनी. कारण अंकात लेखकाचं नाव छापलं जात नसे. कुटुंबरावांचं नाही, भाषांतरकारांचं तर नाहीच. चक्रपाणींचं धोरणच तसं होतं. गोष्ट आजीने सांगितल्यासारखी हवी. आजी कधी गोष्टीखाली सही करते का?

हे धोरण ऐकायला गोड आहे. त्याची दुसरी बाजूही आहे. लेखकाचं नाव नाही म्हणजे त्याचा हक्क नाही. पगार घेतला, गोष्ट दिली, व्यवहार संपला. जे मजकूर लिहीत होते ते कारागीर होते आणि माल मालकाचा होता. नागी रेड्डी हे माणसं सांभाळणारे मालक होते यात शंका नाही. तीस-चाळीस वर्षं माणसं एका जागी टिकतात ती उगीच नव्हे. पण ज्यांनी तीन पिढ्यांचं बालपण लिहिलं त्यांची नावं त्या पिढ्यांना माहीत नसावीत, आणि मराठी 'चांदोबा'ची मराठी लिहिणाऱ्यांना आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात एक ओळही मिळू नये, हे बरं झालं नाही असं मला स्पष्ट वाटतं.

चित्रकारांचं मात्र वेगळं होतं. चित्राच्या कोपऱ्यात सही करायची मुभा होती. म्हैसूरकडचे एम. टी. व्ही. आचार्य, ज्यांची महाभारताची मुखपृष्ठं लोकांनी चौकटीत घालून भिंतीवर लावली. वड्डादि पापय्या, त्यांचे धुपाच्या धुरासारखे कोवळे रंग. 'चित्रा' या नावाने काढणारे राघवन, ते छायाचित्रणातून आलेले. आणि 'शंकर', म्हणजे के. सी. शिवशंकरन, जे १९५२ मध्ये आले. सुरुवातीला सांगितलेलं विक्रम-वेताळाचं ते सर्वांच्या मनात बसलेलं चित्र त्यांचं, साठच्या दशकातलं.

नागी रेड्डी या काळात नुसते प्रकाशक राहिले नव्हते. चक्रपाणींबरोबर त्यांनी 'विजया प्रॉडक्शन्स' काढली होती. बोधचिन्हातलं नाव मोठं होत गेलं. 'पाताळभैरवी' (१९५१), 'मिस्सम्मा' (१९५५), 'मायाबाजार' (१९५७). 'मायाबाजार' म्हणजे आपल्या ओळखीची बलरामाच्या मुलीच्या हरणाची गोष्ट. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात १९२१ मध्ये 'सुरेखाहरण' काढला तीच. घटोत्कच रूप बदलून लग्नघरात शिरतो आणि पक्वान्नांची ताटंच्या ताटं फस्त करतो, तो प्रसंग पाहताना 'चांदोबा'ची पानं उलटल्यासारखं वाटतं. वाहिनी स्टुडिओ त्यांच्या ताब्यात आला आणि 'विजया-वाहिनी'चा पसारा आशियातल्या सर्वांत मोठ्या स्टुडिओंत गणला जाऊ लागला. हिंदीत त्यांनी 'राम और श्याम' (१९६७) काढला, दिलीपकुमारची दुहेरी भूमिका असलेला. पुढे 'ज्युली' (१९७५). १९७२ मध्ये वडपळणीला विजया हॉस्पिटल उभं राहिलं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ते तिरुपती देवस्थानाचे अध्यक्ष होते. १९८६ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला; थोरल्या भावाला तो १९७४ चा मिळाला होता. एका घरात दोन फाळके पुरस्कार.

चक्रपाणी २४ सप्टेंबर १९७५ रोजी गेले. १९८० मध्ये कुटुंबराव गेले. मासिक नागी रेड्डींचे चिरंजीव विश्वनाथ रेड्डी सांभाळत होते आणि ते चालत राहिलं. पण दूरदर्शन घरात आलं होतं. १९८५ मध्ये रामानंद सागरांनी 'विक्रम और बेताल' पडद्यावर आणलं आणि मुलं रविवारी संध्याकाळी वेताळ पाहू लागली, वाचायला अंकाची वाट पाहायची गरज उरली नाही. आपल्याकडे बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघत होतं आणि मराठी मुलाला आपल्या मातीतलं वाचायला मिळत होतं. शहरातली मुलं इंग्रजी शाळांत गेली. प्रादेशिक भाषांतल्या मासिकाला हा घाव खोल बसला.

१९९८ मध्ये घरातले वाद आणि कामगारांचे तंटे यांत मासिक बंद पडलं. म्हातारे नागी रेड्डी तेव्हा हयात होते. आपण लावलेलं झाड वठताना पाहणं त्यांच्या वाट्याला आलं. बाहेरच्या गुंतवणूकदारांचा पैसा घेऊन कंपनी नव्याने बांधली गेली आणि १९९९ च्या अखेरीस अंक पुन्हा सुरू झाला. २५ फेब्रुवारी २००४ रोजी, एक्क्याण्णवाव्या वर्षी, चेन्नईत नागी रेड्डी निवर्तले. मद्रासचं चेन्नई होऊन आठ वर्षं झाली होती.

२००७ मध्ये मुंबईतल्या 'जिओडेसिक' या सॉफ्टवेअर कंपनीने 'चंदामामा'चा बहुतांश हिस्सा विकत घेतला. जुने अंक संगणकावर आणू, मोबाइलवर गोष्टी देऊ, अशा योजना जाहीर झाल्या. साठ वर्षांचा ठेवा म्हणजे सोन्याची खाण असा नव्या मालकांचा हिशेब होता आणि तो चुकीचा नव्हता. चुकलं ते दुसरीकडेच. कंपनीवर परदेशी कर्जरोख्यांचा बोजा होता. तो फेडता आला नाही आणि २०१३ च्या सुमारास मासिक गुपचूप थांबलं. वर्गणी भरलेल्या वाचकांना अंक येईनासे झाले, इतकंच. नागी रेड्डींनी कांद्याच्या धंद्यात शिकलेली पहिली गोष्ट, माल वेळेवर पोचला पाहिजे ही, इथे कुणाला आठवली नाही.

कंपनी अवसायनात निघाली. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर तिच्या मालमत्तेच्या विक्रीचा विषय आला तेव्हा त्या मालमत्तेत 'चंदामामा'चे बौद्धिक संपदा हक्कही होते. विक्रम, वेताळ, ब्रह्मराक्षस, जळती बेटं आणि मगरमाणसं, सगळी एका जप्तीच्या यादीत जाऊन बसली. कुटुंबराव आणि ते अनाम मराठी भाषांतरकार यांचा त्या यादीवर काहीच दावा नव्हता.

गंमत अशी की अंक हरवले नाहीत. वाचकांनी ते जपले. तेलुगू, हिंदी, मराठी चाहत्यांनी माळ्यावरचे गठ्ठे काढले, फाटलेली पानं चिकटवली, एकेक वर्ष जुळवून एकमेकांना दिलं. आजही रद्दीच्या दुकानात पन्नासच्या दशकातला 'चांदोबा' निघाला तर दुकानदार तो वजनावर देत नाही, वेगळा काढून ठेवतो.

शंकर उर्फ शिवशंकरन २९ सप्टेंबर २०२० रोजी चेन्नईत वारले. वय शहाण्णव. पुढच्या जानेवारीत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर केली, आणि वर्तमानपत्रांनी त्या बातमीबरोबर त्यांचं छायाचित्र न छापता खांद्यावर प्रेत घेतलेला राजाच छापला. चित्राच्या कोपऱ्यात त्यांची सही होती.